तान्ह्या बाळाला घेऊन ग्रीक बेटांवर: जहाज, वारा आणि रोजचा दिनक्रम

ग्रीक बेटांचा बेत आखताना बहुतेकजण आधी फोटोत पाहिलेली गावं ठरवतात आणि मग जहाजांच्या वेळा जुळवत बसतात. सोबत तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर सुरुवात जहाजापासून करावी. एकदा बेटावर पोचलं की बाळाचं फारसं काही अडत नाही. दूध, डायपर, सावली, उथळ पाणी सगळं मिळतं, आणि ग्रीक माणसं लहान मुलांचं मनापासून कौतुक करतात. हाल होतात ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना. पहाटे बाळाला उठवायचं, धक्क्यावर उन्हात ताटकळायचं, हलत्या जहाजात डायपर बदलायचा आणि नव्या खोलीत पुन्हा झोपेची घडी बसवायची. म्हणून आमचा सगळ्यात ठाम सल्ला हा, की दहा-बारा दिवसांत दोनच बेटं करा आणि तीही शेजारशेजारची. चार बेटं चार ठिकाणी पसरलेली असतील तर सहल बाळाचीही होत नाही आणि तुमचीही.

कधी जावं

मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेर आणि संपूर्ण सप्टेंबर, हे दोन काळ उत्तम. त्यातही आम्ही सप्टेंबरला झुकतं माप देऊ. उन्हाळाभर तापलेलं समुद्राचं पाणी तेव्हा २४ अंशांच्या आसपास असतं. मे महिन्यात ते १९-२० अंशांवर असतं आणि एवढ्या गार पाण्यात लहान मूल पाच मिनिटांत कुडकुडायला लागतं.

जुलै-ऑगस्ट टाळावं ते नुसत्या उन्हामुळे नाही, तर ‘मेल्टेमी’ या वाऱ्यामुळे. बाल्कनकडे हवेचा जास्त दाब आणि तुर्कस्तानवर कमी दाब असला की एजियन समुद्रावरून उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. (तुर्कस्तानवरचा तो कमी दाबाचा पट्टा म्हणजे आपला मोसमी पाऊस आणणाऱ्या पट्ट्याचंच पश्चिमेकडे पसरलेलं टोक, म्हणजे इकडचा पाऊस आणि तिकडचा वारा एकमेकांशी जोडलेले आहेत.) आभाळ निळंभोर असतं, ढगाचा मागमूस नसतो, त्यामुळे नवख्या माणसाला अंदाज येत नाही. पण वारा दुपारी जोर धरतो आणि कित्येकदा सलग चार-पाच दिवस थांबत नाही. किनाऱ्यावरची वाळू बाळाच्या डोळ्यांत जाते, छत्री टिकत नाही, जहाजं उशिरा येतात किंवा रद्द होतात. सिक्लाडीज गटाला, म्हणजे मिकोनोस, टिनोस, नाक्सोस, पारोस या बेटांना, त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो. ग्रीसच्या पश्चिमेकडची कॉर्फू, केफालोनिया ही आयोनियन बेटं त्यातून बरीचशी सुटतात. ऑगस्टशिवाय सुट्टीच मिळत नसेल तर सरळ तिकडे जा.

१५ ऑगस्टला ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण असतो. त्याच्या आगेमागे अख्खा देश बेटांकडे निघतो आणि जहाजात पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर ऑक्टोबर संपता संपता लहान बेटांवरची हॉटेलं आणि खानावळी बंद होऊ लागतात. तेव्हा क्रीट किंवा ऱ्होड्ससारखं मोठं, वर्षभर जागं असलेलं बेटच घ्यावं.

बेट निवडताना

बाळासाठी बेट पारखायच्या कसोट्या चार: जवळपास दवाखाना, हळूहळू खोल होत जाणारा वाळूचा किनारा, बाबागाडी चालेल असा थोडा तरी सपाट रस्ता आणि मोठ्या जहाजाची रोजची फेरी.

या कसोट्यांवर नाक्सोस सगळ्यात सरस उतरतं. बंदराला लागूनच ‘होरा’ हे मुख्य गाव आहे आणि गावातून चालत दहा मिनिटांवर आगिओस यॉर्गिओसचा किनारा. तिथे पाणी इतकं उथळ आहे की मोठा माणूस बराच आत गेला तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. गावात रुग्णालय आहे. आगिया आना आणि आगिओस प्रोकोपिओस हे किनारे पाच-सहा किलोमीटरवर असून तिथे बस जाते. त्यांतला प्रोकोपिओस दिसायला देखणा, पण वाळू जाडसर आणि पाणी लवकर खोल होणारं, त्यामुळे नुकत्या चालायला लागलेल्या मुलाला आगिओस यॉर्गिओसच बरा. मात्र त्याच्या दक्षिण टोकाला वारा घुमतो आणि शिडाच्या फळीवरून सर्फिंग करणारे तिथेच जमतात, म्हणून गावाकडच्या बाजूला बसावं.

नाक्सोसला जोड पारोसची. दोघांमधलं अंतर मोठ्या जहाजाने तासाभराचं. पारिकिया बंदराजवळच लिवादिया हा चालत जाण्याजोगा किनारा आहे. म्हणजे अथेन्सहून नाक्सोस (पाच-सहा रात्री), मग पारोस (तीन-चार रात्री) आणि परत अथेन्स, हा पहिल्या सहलीसाठी सर्वांत सुटसुटीत मार्ग.

एकच बेट करायचं असेल तर क्रीट. ते पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरहून लांब आहे, त्यामुळे ‘सगळं क्रीट’ करायच्या भरीस पडू नका. पश्चिमेकडच्या हानिया या शहराच्या परिसरात आठवडा काढावा. एलाफोनिसीचा गुलाबी वाळूचा, बाळांसाठी बनवल्यासारखा उथळ किनारा हानियापासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे, पण घाटाच्या रस्त्याने दीड तासाहून जास्त वेळ लागतो. गाडी लागणारं मूल असेल तर वाटेत दोनदा थांबायचं धरून चाला. ब्रिटन-जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक सोय आहे. उन्हाळ्यात तिथून कोस, ऱ्होड्स, क्रीट, कॉर्फूला थेट विमानं असतात, त्यामुळे जहाजाचा प्रश्नच उरत नाही. कोसचा उत्तरेकडचा भाग सपाट आहे, बाबागाडी तिथे निर्धास्त चालते.

आता सांतोरिनी. सगळ्यांना तिथेच जायचं असतं, म्हणून स्पष्ट लिहितो. इया आणि फिरा ही प्रसिद्ध गावं ज्वालामुखीच्या कड्यावर वसलेली आहेत. गल्ल्या म्हणजे पायऱ्याच, कठडे कंबरेखालचे आणि काही ठिकाणी तेही नाहीत. कड्यावरची बरीच हॉटेलं बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत, आणि त्याचं कारण रास्त आहे. जायचंच असेल तर बेटाच्या दुसऱ्या अंगाला, सपाटीवरच्या कामारी किंवा पेरिसाला दोन रात्री राहा आणि कडा संध्याकाळी बाळाला छातीशी बांधून पाहून या. तिथल्या किनाऱ्यांवर काळी वाळू आणि खडे आहेत. दुपारी ते इतके तापतात की अनवाणी पाय भाजतो, आणि पाणी चटकन खोल होतं. नाक्सोसहून एका दिवसात सांतोरिनी करून यायचा मोह टाळा. दोन्ही वेळचा जहाजप्रवास मिळून बाळाचा दिवस संपतो.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, आणि बाळाला स्वतःचा पासपोर्ट व स्वतःचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मात्र उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ मिळतानाच मारामार असते, म्हणून तीन महिने आधी लागा. व्हिसाशुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना माफ आहे. अर्जकेंद्राचा सेवाआकार वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि त्यात बाळाचं नाव स्वतंत्र असायला हवं.

बाळाचा जन्मदाखला आणि आई-वडील दोघांची सही असलेलं संमतिपत्र जोडावं. दोघांपैकी एकच जण बाळाला घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र व्हिसासाठी तर हवंच, पण मूळ प्रत प्रवासातही हाताशी ठेवा. सीमेवर विचारू शकतात. बेटावर गाडी भाड्याने घ्यायची असेल तर भारतीय परवान्यासोबत आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो वर्षभर चालतो आणि भारतातून निघण्यापूर्वीच काढावा लागतो.

जहाज: सगळा खेळ इथे आहे

अथेन्सची बंदरं तीन. पिरेयस सर्वांत मोठं. राफिना विमानतळाच्या बाजूला, अँड्रोस, टिनोस आणि मिकोनोससाठी सोयीचं. लाव्रिओ दक्षिणेला. विमानतळावरून पिरेयसला निळ्या मार्गाची मेट्रो आता थेट जाते, साधारण तासभर लागतो. एक्स९६ ही बस रात्रंदिवस चालते. विमानातून उतरून त्याच दिवशी जहाज पकडायचा हिशेब मांडू नका. विमान दोन तास उशिरा आलं की तिकीट वाया जातं आणि बाळ आधीच आंबलेलं असतं. पहिली रात्र अथेन्समध्ये किंवा पिरेयसमध्येच काढा.

जहाजं दोन जातींची. पहिली म्हणजे मोठी, गाड्या वाहून नेणारी पारंपरिक फेरी. ब्लू स्टार या कंपनीची जहाजं या प्रकारातली. पिरेयस ते नाक्सोस सुमारे साडेपाच तास. मोकळे डेक, चालायला जागा, उपाहारगृह, प्रसाधनगृहात बहुधा डायपर बदलायची फळी. दुसरी म्हणजे वेगवान कॅटमरान, जोड तळाचं हलकं जहाज. तेच अंतर साडेतीन-चार तासांत कापते आणि तिकीट बरंच महाग. बहुतेक कॅटमरानवर बाहेर उघड्यावर जाता येत नाही, प्रवासभर खुर्चीत बसावं लागतं. कागदावर दीड-दोन तास वाचतात म्हणून लोक मुलांसाठी वेगवान जहाज घेतात. आमच्या मते ही निवड चुकते. हलकं जहाज लाटांवर वेगाने आपटत जातं, आजूबाजूला लोक उलट्या करत असतात, आणि रांगणाऱ्या मुलाला चार तास मांडीवर धरून ठेवणं हे साडेपाच तास डेकवर फिरवण्यापेक्षा कितीतरी अवघड. मोठं जहाजच घ्या.

तिकीट काढताना पाच वर्षांखालच्या मुलांना भाडं नसतं, पण शून्य रकमेचं तिकीट काढावंच लागतं, कारण प्रवाशांच्या यादीत प्रत्येकाचं नाव असणं बंधनकारक आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना साधारण निम्मं भाडं. सर्वांत स्वस्त डेकच्या तिकिटावर बसायला हक्काची जागा नसते. बाळ सोबत असेल तर थोडे पैसे जास्त भरून क्रमांकाची खुर्ची घ्या. क्रीटची रात्रीची फेरी सुमारे नऊ तासांची असते, तिला तर केबिनच घ्यावी. स्वतःचं न्हाणीघर असलेल्या केबिनमध्ये बाळ रात्रभर झोपतं आणि सकाळी बेट आलेलं असतं.

पिरेयस बंदर अवाढव्य आहे आणि ‘ई१’पासून ‘ई१२’पर्यंत फाटकं आहेत. सिक्लाडीजची बहुतेक जहाजं ई६, ई७, ई९ या पट्ट्यातून सुटतात, क्रीटची ई२-ई३ कडून, ऱ्होड्स-कोसची ई१ वरून. ई७ मेट्रो स्थानकाच्या समोरच आहे, पण ई१ दीड-दोन किलोमीटर दूर. बाळ, बॅगा आणि बाबागाडीसह ते अंतर उन्हात चालवत नाही. लांबच्या फाटकांसाठी बंदराच्या आत मोफत बस असते. फाटकाचा क्रमांक आदल्या संध्याकाळी तपासून ठेवा आणि सुटायच्या तासभर आधी पोचा.

चढायचं असतं जहाजाच्या मागच्या, गाड्या जाण्याच्या उताराच्या फळीवरून. आत शिरलात की गाड्यांच्या तळघरात असता: ट्रक, धूर, भोंगे, ओला लोखंडी जमीनपट्टा. इथे मूल हात सोडून चालता कामा नये. क्रम असा ठेवा. धक्क्यावरच बाळाला कॅरिअरमध्ये छातीशी बांधा आणि बाबागाडी मिटवा. आत गेल्यावर एकाने बाळासह तडक वर जावं. दुसऱ्याने बॅगा आणि बाबागाडी कडेच्या मांडण्यांवर ठेवाव्यात. मांडण्यांवर बेटांची नावं असतात, आपल्या बेटाच्या खणातच ठेवा, नाहीतर उतरताना शोधाशोध होते. पासपोर्ट, पैसे, औषधं, दूध, चार डायपर आणि दोन जोड कपडे वर घेऊन जायच्या पिशवीत. वर जायला सरकते जिने किंवा उभे अरुंद जिने असतात. लिफ्ट असते, पण तिच्यासाठी कर्मचाऱ्याला विचारावं लागतं.

बसायला जहाजाचा मध्यभाग आणि शक्य तितका खालचा मजला निवडा, तिथे हेलकावे कमी बसतात. दोन वर्षांखालच्या मुलांना समुद्र सहसा लागत नाही. दोनच्या पुढच्या मुलांना मात्र सर्रास लागतो. निघण्याआधी तासभर हलकं, कोरडं काहीतरी द्या, दूध भरपेट पाजू नका, मोबाइलवर चित्रफिती दाखवू नका आणि मोकळ्या हवेत क्षितिजाकडे तोंड करून उभं राहा. आपल्याकडे घरोघरी असणारं, मळमळीवरचं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. त्याहून मोठ्या मुलांसाठीही औषध आणि मात्रा निघण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

उतरण्याची तयारी वीस मिनिटं आधी सुरू करा. मधल्या बेटांवर जहाज पाच-दहा मिनिटंच थांबतं. फळी पूर्ण टेकेपर्यंत बाळासह मागेच उभे राहा आणि आधी लोकांचा लोंढा जाऊ द्या. जहाज तुम्हाला सोडून जाणार नाही, पण गर्दीत बॅगेची चाकं बाळाच्या पायावरून जाऊ शकतात.

सामानात काय, काय नाही

बाबागाडी आणि कॅरिअर दोन्ही न्या. जुन्या गावांतल्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आणि पायऱ्यांच्या, तिथे कॅरिअर. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर आणि खानावळीत झोपवायला बाबागाडी. गाडीची चाकं मोठी हवीत आणि ती एका हाताने मिटायला हवी. बेटांवरच्या टॅक्सीत लहान मुलांचं आसन जवळपास नसतंच, भाड्याच्या गाडीसोबत मिळतं ते जुनाट असू शकतं. आठवड्यापेक्षा जास्त गाडी वापरणार असाल तर घरचं कारसीट न्या. बहुतेक विमान कंपन्या ते फुकट नेतात, पण निघण्यापूर्वी विचारून घ्या.

डायपर आठवडाभराचे नेऊ नका, तीन दिवस पुरतील एवढेच घ्या. नाक्सोस, पारोस, क्रीटच्या सुपरमार्केटांत पॅम्पर्स आणि बेबीलिनो हा ग्रीक ब्रँड सहज मिळतो. रविवारी बेटांवरची बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी साठा बघा. ओल्या पुसण्या (वेट वाइप्स) आणि कागद ग्रीसमध्ये संडासात टाकत नाहीत, सांडपाण्याचे पाइप अरुंद असल्याने तुंबतात. शेजारी झाकणाची टोपली असते, डायपरसाठी स्वतःच्या छोट्या पिशव्या ठेवा.

ग्रीसमध्ये विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, पण आपली तीन गोल पिनांची वायर तिथल्या खाचेत बसत नाही. बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र किंवा छोटी किटली नेणार असाल तर अडॅप्टर दोन घ्या.

खोली

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेला ‘स्टुडिओ’ घ्या. त्यात दोन शेगड्यांची विजेची चूल, छोटा फ्रिज आणि चार भांडी असतात, तेवढ्यावर बाळाचं भागतं. आरक्षण करताना पाच गोष्टी लिहून विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, पाळणा मिळेल का आणि त्याची गादी किती लांब-रुंद आहे, बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमध्ये किती अंतर आहे, खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि बंदरापासून आणायला गाडी येईल का. शेवटची सोय बरेच बेटकर मालक फुकट देतात, विचारलं तरच.

पोचल्याबरोबर बाळाच्या उंचीवर बसून खोली पाहा. सिक्लाडीजच्या पांढऱ्या घरांत गच्चीचा जिना बिनकठड्याचा असतो, उंबरे अणकुचीदार दगडी असतात, फरशी ओली झाली की घसरते. न्हाणीघरात टब नसतो, फवाऱ्याखाली तान्हं बाळ घाबरतं. एक प्लास्टिकची बादली आणि पाणी ओतायचा मग मागून घ्या, आपली अंघोळ होते. डासांसाठी पाळण्यावर टाकायची जाळी घरून न्या.

वेळेचा हिशेब आपल्या बाजूने आहे. उन्हाळ्यात ग्रीस भारतापेक्षा अडीच तास मागे असतं. घरी सकाळी सातला उठणारं बाळ पहिल्या दिवशी साडेचारला उठेल, त्याला तोंड द्या. पण हे घड्याळ पूर्ण बदलायच्या मागे लागू नका. लवकर उठून सात ते साडेदहा किनाऱ्यावर, अकराला जेवण, मग घरात झोप, पाचनंतर पुन्हा बाहेर, ही बाळाची आणि बेटाची दोघांचीही वेळ आहे. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच कायद्यानेच शांततेची वेळ असते, बाळ गाढ झोपतं.

दूध आणि खाणं

युरोपीय संघाबाहेरून सामानातून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, साधी दुधाची पावडर यांना बंदी. बाळाचं पावडरचं दूध आणि डबाबंद बाळखाद्य मात्र चालतं. अट अशी, की माणशी दोन किलोपर्यंत, कंपनीच्या मूळ वेष्टनात आणि उघडण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवावं न लागणारं. घरी डब्यात काढून नेलेली पावडर अडवली जाऊ शकते. नाचणीसत्त्व, मेतकूट, भाजून दळलेली तांदूळ-मूगडाळ यांना अडचण नाही, पुड्यांवर नावं लिहा. संपूर्ण सहलीला पुरेल एवढं नेहमीचंच पावडरचं दूध न्या, प्रवासात ब्रँड बदलला की पोट बिघडलं ते कशामुळे हे कळत नाही.

अथेन्सच्या नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. अनेक लहान बेटांवर नळाला खारट किंवा समुद्राचं शुद्ध केलेलं पाणी येतं, तिथे बाटलीचं घ्यावं. दुधासाठी बाटलीचं पाणीही उकळा, अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर घाला आणि मग बाटली थंड पाण्यात धरून कोमट करा. पावडरीतले जंतू मरावेत म्हणून गरम पाणी लागतं, कोमट पाण्यात कालवलेलं दूध सुरक्षित नसतं.

सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांचं खाणं ग्रीसमध्ये सोपं आहे. ‘फावा’ हा पिवळ्या डाळीचा गोळा आपल्या घट्ट वरणासारखाच लागतो. वर कच्चा कांदा आणि केपर (खारवलेल्या कळ्या) घालतात, तेवढं नको म्हणून सांगा. मसुराचं सूप ‘फाकेस’, उकडलेले बटाटे, दही, भाकरीसारखा पाव, शिजवलेली पालेभाजी ‘होर्ता’, सगळं चालतं. मीठ जास्त असतं, म्हणून ‘होरीस अलाती’ (मिठाशिवाय) एवढं पाठ करा. आणि ‘होरीस मेली’ (मधाशिवाय) त्याहून आधी. दह्यावर मध घालून देणं ही तिथली रीत आहे आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. घरी मऊ भात करायचा तर सुपरमार्केटमधून ‘कॅरोलिना’ तांदूळ घ्या, तो छान शिजून गिच्च होतो. लांब दाण्याचा घेतला तर मोकळाच राहतो. ग्रीक लोक रात्री नऊनंतर जेवतात. तुम्ही साडेसहाला गेलात तर खानावळ रिकामी असते आणि वाढणाऱ्यांना बाळाकडे बघायला सवड असते.

ऊन आणि पाणी

सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात नेऊच नये, सावली आणि पूर्ण अंग झाकणारे सुती कपडे. त्यापुढच्या मुलांना पन्नास एसपीएफचं मलम दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर. मेल्टेमी सुरू असताना हवा गार लागते, त्यामुळे ऊन चटकत असल्याचं समजत नाही, भाजलेलं संध्याकाळी दिसतं. बाबागाडीवर जाड कापड टाकून सावली करू नका, आत हवा कोंडून भट्टी होते.

पाण्यातला खरा धोका वेगळाच आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा पाठीमागून समुद्राकडे वाहतो. पाणी आरशासारखं शांत दिसतं, म्हणून पालक फुगवलेलं चाक किंवा बदक मुलासह पाण्यात सोडतात. वारा ते मिनिटभरात खोल पाण्यात नेतो, पोहत गाठता येत नाही इतक्या वेगाने. किनाऱ्यावर चिमूटभर कोरडी वाळू हातातून सोडून बघा, ती समुद्राकडे उडत असेल तर फुगवलेली वस्तू पाण्यात न्यायची नाही. मुलाला अंगाला घट्ट बसणारं तरंगजाकीट घाला आणि हाताच्या अंतरावर राहा. खडकांवर काळे काटेरी समुद्री साळू असतात. वाळूच्या किनाऱ्यावर ते नसतात, तरी रबरी बूट घालावेत.

बाळ आजारी पडलं तर

हिरव्या क्रॉसचं दुकान म्हणजे औषधालय, ‘फार्माकीओ’. औषधविक्रेते शिकलेले असतात, बहुतेकांना इंग्रजी येतं, किरकोळ तक्रारीला आधी त्यांच्याकडेच जावं. रात्री आणि रविवारी आळीपाळीने एक औषधालय उघडं असतं, त्याचं नाव बंद दुकानांच्या दारावर लावलेलं असतं.

तापाच्या औषधाचं नीट समजून घ्या. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, किलोला १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. पण आपल्याकडचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात, म्हणजे दीड मिलिलिटर पुरे. पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर सव्वासहा मिलिलिटर लागतं, २५० चं असेल तर तीन. ग्रीसमध्ये नवी बाटली घेतली आणि घरच्या सवयीने मोजलं तर मात्रा चौपट चुकू शकते. घरचीच बाटली आणि मोजायची सिरिंज न्या, मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून बाटलीवर लिहून घ्या, दोन मात्रांत किमान चार तास आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध देत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

जुलाबासाठी ओआरएस घरून न्या. २१.८ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं असतं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं तर क्षार जास्त होऊन बाळाला अपाय होतो. लहान बाळासाठी २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं सोयीची.

नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. सर्व आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १६६. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या बोटांना १०८ ची सवय असते, ग्रीसमध्ये १०८ लावलात तर तटरक्षक दलाला लागेल. लहान बेटांवर एखादाच डॉक्टर असतो आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने अथेन्सला हलवतात. विम्यात अशा हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

परतीचा हिशेब

वारा ८ बोफोर्टच्या (बोफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) घरात गेला की बंदर प्रशासन जहाजं रोखतं. वेगवान जहाजं त्याआधीच थांबतात. जहाज रद्द झालं तर कंपनी पैसे परत देते किंवा पुढच्या फेरीत जागा देते, पण चुकलेल्या विमानाची भरपाई करत नाही. म्हणून बेटावरून विमानाच्या आदल्या दिवशी निघा, जुलै-ऑगस्ट असेल तर दोन दिवस आधी. निघण्यापूर्वी तीन दिवसांपासून वाऱ्याचा अंदाज बघत राहा. अंदाज वाईट असेल तर तिकीट एक दिवस अलीकडे घ्यायला बंदरावरच्या तिकीट कचेरीत सकाळीच जा, दुपारपर्यंत मोठ्या जहाजातल्या जागा संपलेल्या असतात. आणि बाळाच्या पिशवीत एका जादा दिवसाचं दूध, डायपर आणि औषध शेवटपर्यंत शिल्लक ठेवा.